तळ्याचा सातबारा

मेम्फिस,
एप्रिलचा दुसरा आठवडा

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू नेहमी कोर्टाच्या गडबडीत असतोस, म्हणून या वेळी सरळ पत्रच लिहायला बसलो. निवांत वाच. यात तुझ्या धंद्याचं एक प्रकरण आहे.

परवाच्या सुट्टीत आम्ही रीलफूट लेक स्टेट पार्कला जाऊन आलो. इथून उत्तरेला गाडीने साधारण दोन तास, टेनेसीच्या पार वायव्य कोपऱ्यात. शेवटचा बराचसा रस्ता सपाट काळ्या शेतांतून जातो, कापूस आणि सोयाबीनचा मुलूख. टिप्टनव्हिल नावाचं लहानसं गाव लागतं आणि पुढे अचानक पाणी. पाण्यात उभी झाडं. सायप्रसचे बुंधे खाली फुगलेले, वर नुकती फुटलेली पोपटी पालवी, आणि बुडाशी मुळांचे गुडघे वर आलेले.

हे तळं कोणी बांधलेलं नाही, भूकंपाने झालंय. १८११ च्या डिसेंबरपासून १८१२ च्या फेब्रुवारीपर्यंत इथे मोठमोठे धक्के बसले. मिसिसिपीच्या पलीकडच्या न्यू माद्रिद गावाचं नाव त्या भूकंपांना पडलं, आणि ते गाव त्यात बसलंच. ७ फेब्रुवारीच्या पहाटेचा धक्का सगळ्यांत जबर. मिसिसिपी काही वेळ उलटी वाहिली. एकीकडे जमीन वर आली, दुसरीकडे खचली, ओढ्याची वाट अडली आणि उभं जंगल पाण्याखाली गेलं. आपल्याकडे उलटा क्रम बघ. कोयनेचं धरण आधी, शिवसागर भरला, आणि १९६७ च्या डिसेंबरात भूकंप. तोही पहाटेचाच. तुझी आई ती रात्र सांगायची तेव्हा आपण दोघं जेवायचे थांबायचो, आठवतंय?

तंबू पाण्यापासून हाकेच्या अंतरावर ठोकला. कॅम्पिंगबद्दल फार लिहीत नाही. डास होते, शेजारच्या भल्यामोठ्या गाडीत एअरकंडिशनर रात्रभर चालू होता आणि बेडूक त्याच्याहून मोठ्याने ओरडत होते. पोरं मात्र खूष.

मासेमारीचं सांगतो. तळं फार उथळ, सरासरी पाचेक फूट. बुडालेल्या जंगलाचे खुंट अजून पाण्याखाली आहेत, काही तर पृष्ठभागाच्या वीतभर खाली. साधी मोटरबोट घालशील तर पंखा गेलाच म्हणून समज. म्हणून इथल्या लोकांनी आपली होडी काढली, तिला ‘स्टंपजंपर’ म्हणतात. लाकडी, हलकी, दोन्ही टोकांना निमुळती, खुंटावरून घसरत जाणारी. तिची वल्ही बघून मी थक्क झालो. नेहमीच्या होडीत वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. इथे खुंट चुकवायचे तर समोर दिसायला हवं. त्यामुळे वल्हं मधोमध तोडून लोखंडी सांध्याने जोडलेलं. मूठ आपल्याकडे ओढली की पातं बाहेर मागे सरकतं आणि होडी तोंडासमोर जाते. आमच्या वाटाड्याने मला थोडा वेळ हाती दिली. हात ओढतायत मागे आणि आपण जातोय पुढे, हे डोक्यात बसेपर्यंत मी गोल गोल फिरलो.

इथला मुख्य मासा क्रॅपी. वसंतात तो अंडी घालायला काठाकडे, खुंटांच्या आसपास येतो. लांब काठ्या होडीच्या नाकावर पंख्यासारख्या पसरून ठेवतात आणि गळाला बारीक जिवंत मासा लावून खुंटाच्या अगदी लगत सोडतात. ओढ लागली की आपला हात सवयीने हिसका देतो, तो द्यायचा नाही. क्रॅपीचा ओठ इतका पातळ की फाटून मासा जातो. नुसती काठी वर उचलायची. संध्याकाळी शेजारच्यांनी त्यांचे मक्याच्या पिठात तळले, आम्ही आमचे हळद-तिखट-आमसूल लावून रव्यात. त्यांच्यातला एक म्हातारा आमच्या तव्याकडे तीनदा आला, यावरून काय ते ओळख.

आता तुझं प्रकरण. ज्या जंगलाचं तळं झालं, त्या जमिनीच्या सनदा भूकंपाच्या आधीच वाटून झाल्या होत्या. गंमत म्हणजे तेव्हा ती जमीन चिकसॉ या इथल्या मूळ आदिवासी लोकांची होती. त्यांच्याकडून ती करार करून घेतली १८१८ साली. म्हणजे सातबारा आधी, ताबा नंतर आणि मध्ये जमीनच गायब! पुढे तीन-चार पिढ्या काठावरची माणसं मासे धरून, बदकं मारून जगली. कोणी विचारलं नाही. मग काही धनिकांनी ते जुने हक्क गोळा केले, वेस्ट टेनेसी लँड कंपनी काढली आणि सांगितलं, तळं आमचं. मासे धरायचे तर आमच्या अटींवर.

लोक पेटले. तोंडावर बुरखे घालून रात्री घोड्यावर फिरू लागले, म्हणून ‘नाइट रायडर्स’. १९०८ च्या ऑक्टोबरात वॉलनट लॉग इथल्या हॉटेलातून त्यांनी कंपनीच्या दोन वकिलांना उचललं. (हो, वकिलांनाच. तू जपून राहा.) क्वेंटिन रँकिनला फासावर लटकवून गोळ्या घातल्या. दुसरा, म्हातारा टेलर, अंधारात पाण्यात उडी मारून ओंडक्याआड लपला आणि दलदलीतून भटकत वाचला. गव्हर्नरने सैन्य आणलं, सहा जणांना फाशी सुनावली गेली, पण वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. शेवटी तळं सरकारने घेतलं आणि सगळ्यांना खुलं झालं.

तिथे काठावर उभं राहून ऐकताना मी साहजिकच कोळ्यांच्या बाजूचा झालो होतो. पण त्याच महिन्यात अशाच बुरखेवाल्यांनी केंटकीत हिकमनजवळ डेव्हिड वॉकर या कृष्णवर्णीय माणसाच्या घरावर चाल करून त्याला बायकापोरांसकट गोळ्या घातल्या, हे घरी येऊन वाचलं. त्याचा तळ्याशी काडीचा संबंध नव्हता. तेव्हापासून त्या बुरख्यांना नुसतं ‘गरिबांचे कैवारी’ म्हणणं मला जमत नाही. कंपनी लबाड होती, हे मात्र मी सोडत नाही.

आता वकीलसाहेब, सांगा. जमीन नैसर्गिक कारणाने पाण्याखाली गेली तर मालकी उरते का? धरणात गेलेल्याला निदान कागदावर तरी मोबदला आहे, मग तो मिळायला पिढ्या का जाईनात. कोयनेच्या फायली तू अजून वागवतोसच. पण भूकंपाने बुडवलेल्याचं काय? तुमच्याकडे काय नियम आहे ते सविस्तर लिही, फोनवर ‘बघू’ म्हणू नकोस.

आणि येणार असशील तर जानेवारीत ये. तेव्हा टकले गरुड थंडीसाठी इथे उतरतात, पार्कवाले बसने फिरवून दाखवतात. वहिनींनाही आण. येताना आमसुलं आण, माझी संपत आली आहेत.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
सुध्या