पोटनिवडणुकीचं तिकीट ठरवताना बूथवाल्यांना कोण विचारतं?

संपादक साहेब, नमस्कार.

मी एका पक्षाचा बूथप्रमुख आहे. पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण हे सगळ्याच पक्षांत चालतं.

खासदार वारले आणि पोटनिवडणूक लागली की पहिला प्रश्न, घरातलं कोण उभं राहणार? २०१४ ला बीडमध्ये गोपीनाथ मुंडेंची मुलगी प्रीतम मुंडे जवळपास ७ लाखांच्या लीडने आल्या, पण २०२४ ला नांदेडमध्ये वसंतराव चव्हाणांचा मुलगा रवींद्र चव्हाण फक्त १४५७ मतांनी निघाला, म्हणजे सहानुभूती दरवेळी तेवढीच चालते असं नाही. आणि पालघर आठवा. २०१८ ला भाजपचे खासदार चिंतामण वनगा वारले, मुलगा श्रीनिवास शिवसेनेकडून उभा राहिला, भाजपने काँग्रेसमधून राजेंद्र गावितांना आणून सीट काढली, मग वर्षभरात तीच जागा सेनेला सुटली आणि गावित धनुष्यबाणावर परत खासदार! बूथवरच्या पोरांनी कोणाचं नाव घेऊन दारोदार फिरायचं हो?

आमच्याकडच्या गेल्या पोटनिवडणुकीत विश्रामगृहावर पक्षाचे निरीक्षक आले होते. इच्छुक ११, प्रत्येकाला पाच मिनिटं. आम्ही सकाळपासून व्हरांड्यात उभे, शेवटी सगळ्यांनी एका कागदावर आपली पसंती लिहून सह्या केल्या, निरीक्षकांनी तो घडी करून खिशात घातला आणि गाडीत बसले. मग मुंबई, दिल्ली, सर्व्हे, पार्लमेंटरी बोर्ड (तिकीट ठरवणारी पक्षाची वरची समिती)... नाव आम्हाला टीव्हीवर कळलं, एबी फॉर्म (हाच पक्षाचा अधिकृत उमेदवार असं सांगणारा कागद) तर अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ३ वाजायच्या जरा आधी पोचला. सर्व्हेत काय आलं ते आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. फार लागलं ते मनाला.

सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय की गुन्हे दाखल असलेल्याला तिकीट दिलं तर का दिलं ते पक्षाने जाहीर करायचं, आणि नुसतं ‘निवडून येईल’ हे कारण चालणार नाही. मग हेच सगळ्या उमेदवारांना का लावत नाही? मुलगा असो, सून असो की कालच पक्षात आलेला असो, त्याचं काम काय, मतदारसंघात किती वर्षं आहे, बाकीच्यांना का डावललं, हे लिहून द्या. आणि बूथप्रमुखांचं गुप्त मतदान घ्या, लोकसभेच्या एका जागेला दोनेक हजार बूथ असतात, एका दिवसात होईल.

तोपर्यंत आमचा तो सह्यांचा कागद पुढे कोणी वाचला का, एवढं तरी कळवा.

– एक बूथप्रमुख