घोड्यांचा कायदा आणि लेसिग

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

वकिली सोडून शिकवायला जायचं तू ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. पण इंटरनेट आणि कॉपीराइट हा विषय घ्यावा की नाही, यावर तू अडून बसला आहेस. ‘हा वेगळा विषयच नव्हे, करार आणि अपकृत्यांचा (म्हणजे नुकसानभरपाईचा) कायदा पक्का असला की झालं,’ असं कोणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. हा आक्षेप जुना आहे आणि तो घेणारा माणूस मोठा होता. 1996 साली शिकागो विद्यापीठातल्या परिषदेत अमेरिकी न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रूक यांनी सायबर कायद्याला चक्क ‘घोड्यांचा कायदा’ म्हटलं. घोड्यांच्या विक्रीवरून खटले होतात, घोड्याने लाथ मारली म्हणून होतात, शर्यतींच्या परवान्यांवरून होतात; म्हणून त्यांची मोळी बांधून कोणी वेगळा अभ्यासक्रम काढत नाही.

अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी 1999 मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त याला उत्तर दिलं. माणसाला फक्त कायदा आवरत नाही. समाजाची रीत आवरते, बाजारभाव आवरतो आणि जागेची रचनाही आवरते. इंटरनेटवर ही रचना म्हणजे कोड, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आज्ञा, आणि तो कोणीतरी लिहिलेला असतो. छापील पुस्तक तू कितीदा वाचलंस, याच्याशी कॉपीराइटला कधी देणंघेणं नव्हतं; त्यातला उतारा वहीत उतरवायलाही तो सहसा आडवा येत नसे. ई-बुकचं सॉफ्टवेअर मात्र दोन्हींवर पहारा ठेवू शकतं, आणि कायद्याने दिलेली मुभाही गुपचूप काढून घेऊ शकतं. करारांच्या तासाला हे कधी पुढ्यात येणार, सांग.

लेसिग मुळात राज्यघटनेचे अभ्यासक. न्या. पोस्नर आणि न्या. स्कालिया या दोघांकडे त्यांनी लॉ क्लर्क, म्हणजे न्यायाधीशांचे कायदेविषयक मदतनीस, म्हणून काम केलं, मग शिकागो, हार्वर्ड, स्टॅनफर्ड. या पदांवर मी थांबत नाही. एल्ड्रेड खटल्यावर मात्र थांबतो, कारण माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

एरिक एल्ड्रेड हे निवृत्त प्रोग्रामर. कॉपीराइट संपलेली जुनी पुस्तकं ते हौसेने इंटरनेटवर फुकट ठेवत. रॉबर्ट फ्रॉस्ट यांचा 1923 चा कवितासंग्रह आता खुला होणार म्हणून ते वाट पाहत होते, आणि 1998 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कॉपीराइटची मुदत आणखी 20 वर्षांनी वाढवली, तीही आधीच लिहून झालेल्या पुस्तकांनासुद्धा लागू करून. अमेरिकी घटनेत कॉपीराइटबद्दल ‘मर्यादित काळ’ असे शब्द आहेत. दर खेपेला वाढणारा काळ मर्यादित कसा, हा लेसिग यांचा मुद्दा. त्यांच्या बाजूने 17 अर्थतज्ज्ञांनी निवेदन दिलं, त्यात मिल्टन फ्रीडमन आणि केनेथ अ‍ॅरोसुद्धा होते.

9 ऑक्टोबर 2002 ला सर्वोच्च न्यायालयात लेसिग स्वतः उभे राहिले. आधीच्या मुदतवाढीने ज्ञानाची वाट अडल्याचा काही पुरावा आहे का, अशा अर्थाचा प्रश्न न्या. केनेडी यांनी केला. आम्ही तसा दावाच करत नाही, आमचा मुद्दा घटनेतल्या शब्दांचा आहे, असं लेसिग म्हणाले. जानेवारी 2003 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी ते हरले. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं, की तिथे नुकसान ठणकावून सांगायला हवं होतं. मला वाटतं, तसं सांगूनही सात मतं फिरली नसती. पण त्या उत्तरात प्राध्यापक दिसतो. तर्क इतका चोख, की कोणाचं काय बुडालं हे सांगायची त्याला गरजच वाटली नाही. शिकवणाऱ्या माणसाने यापासून स्वतःला जपायला हवं.

निकालाआधीच त्यांनी दुसरं काम उभं केलं होतं. 2001 मध्ये सहकाऱ्यांबरोबर क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेची स्थापना, डिसेंबर 2002 मध्ये पहिले परवाने. कायदा बदलत नाही ना? मग लेखकालाच आपला हक्क हवा तेवढा सोडू द्या. विकिपीडियाचा मजकूर 2009 पासून अशाच परवान्याखाली आहे. कायद्याच्या प्राध्यापकाच्या हातून याहून मोलाचं काम क्वचितच झालं असेल.

आणि मग त्यांनी हा विषयच मागे ठेवला. अ‍ॅरन स्वार्ट्झ या तरुण मित्राने त्यांना विचारलं होतं, की पैशाने पोखरलेलं राजकारण तसंच राहिलं तर कॉपीराइटमध्ये सुधारणा होणार कशी? तो माझा विषय नाही, असं लेसिग म्हणाले. प्राध्यापक म्हणून नसेल, पण नागरिक म्हणून? असं त्याने विचारलं. 2007 मध्ये लेसिग यांनी जाहीर केलं, की यापुढे भ्रष्टाचार हाच अभ्यासाचा विषय. 2015 मधली त्यांची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मला घाईची वाटते, ती काही आठवड्यांतच आटोपली. पण विषय बदलणं मला मनापासून पटतं. प्रश्नाचं मूळ शेजारच्या शेतात निघालं, तर बांध ओलांडायलाच हवा.

म्हणून म्हणतो, हा विषय घे. कॉपीराइट शिकवताना तुला घटना, अर्थशास्त्र, सॉफ्टवेअर सगळीकडे शिरावं लागेल, आणि ते तुला जमेल. पहिल्याच सत्रात एल्ड्रेड खटल्याचा निकाल वाचायला लाव. न्या. गिन्सबर्ग यांचं बहुमत वाचून झालं, की न्या. ब्रेयर यांचं भिन्नमतही मुलांकडून पूर्ण वाचून घे. 55 ते 75 वर्षं जुन्या हक्कांपैकी जेमतेम 2 टक्क्यांनाच बाजारात किंमत उरते, हा आकडा त्यात आहे. उरलेल्या 98 टक्क्यांचं काय होतं, तो तास तू कसा घेतलास ते मला सविस्तर कळव.

तुझा,
अविनाश