आत्याच्या रेशनसाठी उभ्या राहिलेल्या वकीलबाईंना

कोल्हापूर

आदरणीय वकीलबाई,
सप्रेम नमस्कार.

सुभाषनगरातल्या माझ्या आत्याचे अंत्योदय कार्ड, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांचे रेशनकार्ड, पुन्हा सुरू झाले आणि तिच्या हक्काचे 35 किलो धान्य या महिन्यात घरी आले, याबद्दल आम्हा सर्वांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक आभार मानतो.

चपलांसाठी चामड्याच्या वेण्या घालण्यात जिची उभी हयात गेली, तिच्या बोटांच्या रेषा झिजणारच. तरीही दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागत नाही म्हणून तिला धान्य नाकारले गेले आणि पुढे लाभार्थी धान्य उचलत नाही, असे कारण दाखवून तिचे नावच यादीतून कमी झाले. आम्ही नुसते अर्ज देत राहिलो. आपण मात्र पहिल्याच भेटीत विचारलेत, नाव कमी केल्याचा लेखी आदेश कुठे आहे? आदेश नव्हता, नोटीस नव्हती, म्हणणे मांडण्याची संधी तर नव्हतीच. आणि याचिका त्यावरच उभी राहिली.

रेशन ही मेहेरबानी नव्हे, हे आपण आत्याला तिला समजेल असे सांगितलेत. गोदामे भरलेली असताना माणसे उपाशी राहतात म्हणून पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना 2001 साली सर्वोच्च न्यायालयात गेली, त्याच वर्षीच्या 28 नोव्हेंबरच्या अंतरिम आदेशाने रेशनसारख्या अन्नयोजनांचे लाभ कायदेशीर हक्क ठरले आणि 2013 मध्ये अन्नसुरक्षा कायदा आला. त्याच कायद्याच्या कलम 8 खाली आपण बुडालेल्या महिन्यांच्या धान्याऐवजी मिळणारा भत्ताही मागितलात. पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाला वंचित ठेवणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या आधारविषयीच्या 2018 च्या निकालात नोंदलेले केंद्राचे म्हणणेही आपण न्यायालयापुढे ठेवलेत.

स्त्रीला मोफत विधी साहाय्य मिळण्यास उत्पन्नाची अट नाही, हेही आम्हाला आपल्याकडूनच कळले. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच असल्यामुळे आत्या स्वतः सुनावणीला बसू शकली. मुंबई तिला झेपली नसती.

मला सर्वांत मोठी वाटते ती मधली एक गोष्ट. एकट्या आत्याचे नाव परत लावतो, याचिका मागे घ्या, असे सुचवण्यात आले, तेव्हा आपण दोन्ही वाटांचे परिणाम तिला सांगितलेत आणि निर्णय पूर्णपणे तिच्यावर सोपवलात. तिने नावे वगळलेल्या शेजारणींबद्दल विचारले. त्यांची यादी याचिकेला जोडण्याचे किचकट काम आपण आनंदाने केलेत, म्हणून आज त्याही घरांत धान्य पोहोचू लागले आहे. आमच्या मनातला आपल्याविषयीचा आदर त्या दिवशी शतपटीने वाढला.

निकालाच्या प्रती आम्ही गल्लीत वाटल्या आहेत. ज्यांची नावे अजून लागलेली नाहीत, त्यांची जुनी कार्डे आणि अर्जांच्या पोचपावत्या गोळा करून येत्या शनिवारी आपल्या कार्यालयात आणून देतो. आत्याही सोबत येणार आहे.

आपला कृतज्ञ,
आत्याचा भाचा