उत्तरच नसलेलं एक तरी गणित प्रॅक्टिकलला घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी टिळकवाडीत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना गणित शिकवतो. व्हीटीयूनं, म्हणजे आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या विद्यापीठानं, २०२२ च्या स्कीममध्ये (अभ्यासक्रमात) गणिताला लॅब जोडली, पोरं आता पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत गणितं सोडवतात, हे बरंच झालं, पूर्वी निस्ती पाठांतरं चालायची. पण काही कॉलेजात ही लॅब कशी चालते ते सांगतो. बोर्डावर किंवा व्हॉट्सॲपवर प्रोग्राम येतो, पोरं तो तसाच टाइप करतात, प्रिंट काढून रेकॉर्डला चिकटवतात, सही झाली की विषय संपला. दहा पोरांची रेकॉर्ड बघा, कॉमेंटमधली स्पेलिंगची चूकसुद्धा सगळ्यांची एकच.

आता व्हेक्टरचं, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशीचं, एक साधं समीकरण घ्या. ए क्रॉस एक्स बरोबर बी, ए आणि बी दिलेत, एक्स काढायचा. (क्रॉस म्हणजे दोन व्हेक्टरांचा असा गुणाकार की उत्तर दोघांनाही काटकोनात येतं.) ए म्हणजे (१, २, २) आणि बी म्हणजे (२, -२, १). पोरगं काय करतं, तीन समीकरणं मांडतं, त्याचं मॅट्रिक्स करतं आणि नमपाय या पायथनच्या लायब्ररीतल्या सॉल्व्ह या आज्ञेला देतं. तिथं एरर येते, सिंग्युलर मॅट्रिक्स, म्हणजे एकच नक्की उत्तर निघत नाही. येणारच की, क्रॉस प्रॉडक्टचं ३ बाय ३ मॅट्रिक्स स्क्यू-सिमेट्रिक असतं (कर्णावर शून्य, अलीकडचे-पलीकडचे आकडे उलट्या चिन्हाचे), त्याचा डिटरमिनंट कायम शून्य, आकडे कुठलेही घाला. मग पोरगं एरर गुगलवर टाकतं, कुणीतरी सांगितलेलं असतं की सॉल्व्हच्या जागी एलएसटीएसक्यू (लीस्ट स्क्वेअर्स) ही आज्ञा घाल, तो घालतो आणि झटक्यात उत्तर येतं, -०.६६७, -०.३३३, ०.६६७. खूश! हे उत्तर चूक नाही, पण अशी उत्तरं अगणित आहेत आणि त्यातलं सगळ्यात लहान लांबीचं तेवढं मशीननं दिलंय, हे त्याच्या गावीही नसतं. मॅट्रिक्सची रँक २ आहे, म्हणजे तीनातली दोनच समीकरणं स्वतंत्र, हे पण मशीन सोबत छापतं, पण वाचतंय कोण.

खरी गंमत पुढं आहे. बी मधला शेवटचा १ काढून २ करा. आता या समीकरणाला उत्तरच नाही, कारण क्रॉस प्रॉडक्ट ए ला काटकोनातच असतो आणि इथं ए डॉट बी (जोडीजोडीनं आकडे गुणून केलेली बेरीज, काटकोन असला की ती शून्य) शून्य येत नाही, २ येतो. तरी एलएसटीएसक्यू तितक्याच ऐटीत -०.८८९, -०.२२२, ०.६६७ देतं. हे परत ए बरोबर क्रॉस करून बघितलं तर (२, -२, २) यायच्या जागी साधारण (१.७८, -२.४४, १.५६) येतं, पण ताळा करायची सवय कुणाला लावलीय? एलएसटीएसक्यूचं कामच जवळात जवळ जाणारा एक्स शोधायचं आहे, त्याला दोष देऊन काय उपयोग. तेच सिमपायला, म्हणजे अक्षरांत गणित सोडवणाऱ्या पायथनच्या दुसऱ्या लायब्ररीला, विचारा, पहिल्या गणिताला ते उत्तराच्या तीन आकड्यांतले पहिले दोन तिसऱ्याच्या, म्हणजे झेडच्या, हिशेबात लिहून देतं, म्हणजे झेड कायबी घ्या, आणि दुसऱ्याला निस्ता रिकामा चौकोनी कंस. रिकामा कंस बघून प्रोग्राम बिघडला म्हणून विचारत येणारी पोरं दरवर्षी भेटतात.

उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपमधला फिटर हे न शिकता सांगेल. पान्याचा दांडा म्हणजे ए, हातानं लावलेला जोर म्हणजे एक्स आणि नटाला मिळणारा पीळ म्हणजे बी. दांड्याच्या रेषेत कितीही ओढा, नट हलत नाही, म्हणून तेवढा जोर कितीही वाढवला तरी पीळ तोच, आणि म्हणूनच उत्तरं अगणित. आणि पीळ दांड्याला काटकोनातच असतो, तसा नसलेला पीळ मागितला तर उत्तरच नाही. पोरांना पान्याचं उदाहरण एकदा सांगितलं की डॉट प्रॉडक्टचा ताळा ती आपणहून घ्यायला लागतात, मग सॉफ्टवेअर कुठलंही असू दे.

म्हणून कॉलेजांतल्या मॅथ्सच्या सरांना आणि मॅडमना विनंती, इंटर्नलच्या प्रॅक्टिकलला एक गणित उत्तर नसलेलं आणि एक अगणित उत्तरांचं घाला, आणि मार्क प्रोग्रामला कमी, त्याखाली पोरगं स्वतःच्या शब्दांत काय लिहितं त्याला जास्त द्या. इंग्रजीत जमत नसेल तर वायवाला मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगू द्या की, खानापूर-निपाणीकडची मराठी मीडियमची पोरं दहावीनंतर एकदम इंग्रजीत येतात, त्यांना गणित कळत नाही असं नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सायलॅबसारख्या फुकट सॉफ्टवेअरचे धडे मराठीत आहेत, ते तरी पोरांना दाखवा.

आणि संपादक साहेब, तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर सीईटीचे प्रश्न चार पर्यायांसकट छापता, त्यात अधूनमधून असं एखादं गणित येऊ द्या ज्याचा एकही पर्याय बरोबर नाही. फोन येतील तुम्हाला, पण छापाच.

आपला,
एक गणित शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव