वर्गमुळाची रेघ पूर्ण करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीस

प्रिय मुली,

नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार.

दहावीच्या बीजगणिताच्या माझ्या सरावपुस्तिकेची तीन प्रुफं झाली होती. डीटीपीवाल्याकडून वर्गमुळाचं चिन्ह यायचं, पण वर्गसमीकरणाच्या सूत्रात वरची रेघ बी वर्गावरच संपायची आणि वजा चार एसी उघड्यावर पडायचं. घातांक तर घसरून ओळीत येऊन बसायचा. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीनं एक्सच्या वर्गाऐवजी एक्स गुणिले दोन धरून अख्खं उदाहरण सोडवलं. तिची काय चूक? छापलंच तसं होतं. दाखवायला गेले तर म्हणे, "बाई, पोरांना कळतं हो." नाही कळत! रेघ कुठवर आहे यावर उत्तर ठरतं. दुसऱ्यानं सूत्रांची चित्रं चिकटवून दिली. एक चिन्ह बदलायचं तरी पुन्हा त्याच्याच दारात उभं राहायचं.

मग तू लाटेक दाखवलंस, म्हणजे सूत्रं खुणांनी टाइप करून नीट छापून देणारी संगणकप्रणाली. अंश एका महिरपी कंसात, छेद दुसऱ्यात, मधली रेघ ते स्वतःच आखतं. वर्गमुळाच्या कंसात जेवढं घालावं तेवढी वरची रेघ लांबते. तिचाच झीलाटेक हा प्रकार वापरल्यामुळे मराठी जोडाक्षरंही शाबूत राहिली. याच्या मुळाशी असलेली टेक ही प्रणाली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ साली, स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून खट्टू होऊन करायला घेतली आणि सगळ्यांना फुकट दिली, हे तूच सांगितलंस. ऐकून फार बरं वाटलं.

पण मला भरून आलं ते घरी फाइल उघडल्यावर. प्रत्येक सूत्राशेजारी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे तुझं मराठी: "बाई, इथे अंश बदला." "बाई, हा कंस पुसू नका." टक्क्यापुढचं छपाईत उमटत नाही. म्हणजे त्या ओळी फक्त माझ्यासाठी होत्या. नोकरी सांभाळून, मी न मागता, कधी लिहिल्यास गं? काम करून देणारे भेटतात. समोरच्याला ओशाळं न करता त्याच्या हाती काम सोपवणारी माणसं फार थोडी, आणि त्यातली एक माझ्या बाकावर बसून गेली याचा मला अभिमान आहे.

परवा एक उदाहरण मी स्वतः बदललं. कुणाला विचारावं लागलं नाही.

पुस्तिकेची पहिली प्रत तुझ्यासाठी ठेवली आहे. रविवारी जेवायलाच ये.

तुझी,
गणिताची बाई