केबिनमध्ये की खाली, ते आधी सांगा: नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री यांस,
स.न.वि.वि.

विमानातून गिटार न्यायची म्हटले की दोनच सल्ले मिळतात: तिच्यासाठी वेगळे तिकीट काढा, नाहीतर भक्कम फ्लाइट केस (विमानप्रवासासाठीची कडक पेटी) घ्या. नावाजलेल्या कलाकाराला ते परवडेल. शिकाऊ मुलाच्या स्वस्त इलेक्ट्रिक गिटारीसाठी हे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

खरे तर ही गिटार चिवट असते. तिची बॉडी भरीव लाकडाची, अकूस्टिकसारखी पोकळ नव्हे. मोडते ते नेक (लांब दांडा) आणि हेडस्टॉकच्या (तारा पिळायच्या खुंट्या असलेल्या टोकाच्या) सांध्यापाशी. तारांचा चाळीसएक किलोंचा ताण तिथे आधीच असतो, त्यात बॅग आपटली की हिसका बसतो. म्हणून खाली सामानात द्यायची असेल तर आम्ही तारा सैल करतो, हेडस्टॉकच्या खाली-वर कपडे कोंबतो, ट्रेमोलोची (सूर हलवायची) दांडी काढून ठेवतो. बहुतेक स्वस्त गिटारींची नेक चार स्क्रूंवर बसवलेली असते. ती सोडवली की सगळी गिटार मोठ्या सुटकेसमध्ये कपड्यांच्या घड्यांत मावते.

पण हे सगळे घरून निघण्याआधी करायचे असते. केबिनमध्ये न्यायची तर पातळ गिग बॅग (कापडी पिशवी) पुरते, खाली द्यायची तर बांधणीच वेगळी. आणि नेमके हेच प्रवाशाला शेवटपर्यंत कळत नाही. चौकशी केली तर ‘केबिनमध्ये चालेल’, काउंटरवर ‘बघू’, विमानाच्या दारात ‘खाली जाईल’. मग कापड आणि फोमच्या पिशवीतली, ताणलेल्या तारांची गिटार सुटकेसांच्या ढिगात जाते.

अमेरिकेत २०१५ पासून नियम लागू आहे: प्रवासी चढतो तेव्हा सुरक्षित ठेवायला जागा असेल, तर गिटारीसारखे छोटे वाद्य केबिनमध्ये घेतलेच पाहिजे. नंतर कुणाची बॅग आली म्हणून ते काढायला लावता येत नाही. वाद्याला अग्रक्रम मात्र नाही. जो आधी आला त्याची जागा. मला हे रास्त वाटते. छोट्या विमानात कप्पेच अपुरे असतात, हेही मान्य.

दुसरी गोष्ट त्या चिठ्ठीची, जिच्यावर गिटार खाली देताना विमान कंपन्या ‘नुकसानीस कंपनी जबाबदार नाही’ म्हणून प्रवाशाची सही घेतात. १९९९ चा मॉन्ट्रियल करार आंतरराष्ट्रीय प्रवासात विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवतो. त्याच्या कलम २६ नुसार, कराराने ठरवलेली जबाबदारी झटकणारी अट रद्दबातल ठरते. कंपनीला सूट आहे ती सामानाच्या अंगच्याच दोषामुळे किंवा प्रवाशाच्याच चुकीमुळे झालेल्या नुकसानीपुरती. म्हणजे हा करार लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात तरी अशी सरसकट सही पोकळ. तरीही सही केलेला माणूस सात दिवसांच्या मुदतीत लेखी तक्रार करायला धजत नाही. चिठ्ठीचा खरा उपयोग तोच असावा!

तेव्हा अशा सरसकट सह्या घेणे बंद करायला लावा. आणि त्या विमानाच्या केबिनमध्ये गिटार मावते की नाही, हे कंपन्यांनी तिकीट काढतानाच लेखी कळवावे, असा आदेश काढा. कंपनीचे उत्तर ‘मावत नाही’ असले तरी चालेल. नेक सोडवायला वेळ तर मिळेल.

कळावे,
एक गिटारवादक प्रवासी