काका, तो राजीनामा अजून खणातच आहे

तीर्थस्वरूप काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही व्हॉट्सअॅपवर नाही. फोनवर "हं, बोल लवकर" एवढंच म्हणता. समोर बसून आभार मानायला लागलो तर हातातला पेचकस फेकून माराल. म्हणून हे चारचौघांत लिहितोय, नातू वाचून दाखवेल. तुमचं नाव घालत नाही. मिरजेत ज्यांच्या घरात पेटी (हार्मोनियम) आहे त्यांना नाव सांगायची गरज नाही.

2016 ची दिवाळी नुकतीच सरली होती. दिवाळी पहाटचे पाच कार्यक्रम वाजवून खिसा गरम होता. (त्यातल्या पाचशेच्या नोटा पुढच्याच आठवड्यात रांगेत उभं राहून बँकेत भराव्या लागल्या, ती गोष्ट वेगळी.) मधल्या सप्तकातली पांढरी तीन ही पट्टी घरघरत होती, म्हणून पेटी तुमच्याकडे आणली. खरं कारण शर्टाच्या खिशात होतं. कनिष्ठ लिपिकाच्या सरकारी नोकरीचा राजीनामा, नीट टाइप केलेला, सहीसकट.

तुम्ही पेटी उघडलीत, रीड (सूर देणाऱ्या पितळी जिभा) काढलीत, काचेवर ठेवून कानस हातात घेतलीत. मी बोलतच होतो. सकाळी सहाचा रियाज, साडेनऊला कचेरी, दिवसभर बिलांची छाननी, संध्याकाळी तालमीला जाईपर्यंत बोटं मेलेली. मग माझा हुकमाचा एक्का काढला. म्हटलं, वसंतराव देशपांड्यांनी नाही का लष्कराच्या हिशेब खात्यातली नोकरी सोडली? तुम्ही मान वर न करता विचारलंत, "किती वर्षं करून सोडली?" मी गप्प. "वीसच्या वर. 'कट्यार काळजात घुसली'तले खाँसाहेब म्हणून रंगभूमीवर उभे राहिले 1967 साली, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. तुझं वय किती?" एकतीस, मी म्हटलं. "बरं," म्हणालात आणि रीडच्या टोकावर दोनदा कानस फिरवलीत. फुंकून ऐकलीत. "टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. फार घासलं की रीड जाते. गुजरातेतल्या पालिताण्याची आहे, उगाच नको घालवायला."

त्यावर मी जे बोललो त्याची आजही लाज वाटते. "तुम्हाला बोलायला काय जातंय काका, तुम्हाला पेन्शन आहे." मी 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेला, जुनी पेन्शन आम्हाला नाही, मग कशाच्या आशेवर खुर्ची उबवायची, असा माझा मुद्दा होता. मुद्दा तसा वाईट नव्हता, पण बोलायची तऱ्हा वाईट होती. काकू चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या.

तुम्ही चिडला नाहीत. हात पुढे केलात, "दाखव." चष्मा कपाळावरून खाली घेतलात आणि रेल्वेच्या पार्सल ऑफिसात उभा जन्म काढलेल्या माणसानं बिल्टी तपासावी तसा माझा राजीनामा तपासलात. "विषय" ओळीत शुद्धलेखनाची चूक होती, ती लाल पेन्सिलीनं दुरुस्त केलीत. नोटिशीच्या मुदतीचा उल्लेख नव्हता, तो समासात लिहिलात. मग तारखेवर आडवी रेघ मारलीत.

"नव्यानं टाइप कर. सही कर. तारीख टाकू नकोस. टेबलाच्या खणात ठेव. पेटीच्या पैशावर लागोपाठ बारा महिने घर चाललं की तारीख टाक आणि देऊन ये. मला विचारायलासुद्धा येऊ नकोस."

मग वही मागितलीत. गेल्या वर्षभरात कोणत्या महिन्यात किती कार्यक्रम झाले, ते मला एकेक करून लिहायला लावलंत. गणपतीत अकरा, नवरात्रात चार, कोजागिरीचा एक. पितृपक्षात शून्य. ज्येष्ठ-आषाढात मिळून दोन, त्यातल्या एकाचं मानधन "बघू नंतर" या खात्यात. बेरीज मीच केली. तुम्ही फक्त पेटीचे स्क्रू आवळत होतात. साथीदाराचं उत्पन्न पंचांगावर चालतं हे मला त्या बेरजेनं शिकवलं, कुणाच्या भाषणानं नाही.

निघताना तुम्ही आणखी एक सांगितलंत, आणि खरं तर त्यावरच पुढची वर्षं निभावली. "चोरून वाजवू नकोस. तुमच्या नियमांत बघ, आमच्या रेल्वेत होतं तसंच काही असणार." मी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 उघडले. कामात कसूर होणार नसेल तर नैमित्तिक स्वरूपाचं साहित्यिक किंवा कलाविषयक काम करायला मुभा आहे, हे सरळ लिहिलेलं! आणि मी तोवर कार्यक्रमाच्या पत्रिकेवर आडनाव छापू देत नव्हतो, फोटोत तबल्याच्या मागं लपत होतो. दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलं तुम्ही शेअर बाजार करता."

तुमच्या सल्ल्याचं सगळं गोडच झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. 2019 मध्ये अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या पाच आठवड्यांच्या दौऱ्यासाठी विचारणा आली. एप्रिल-मे. मला लोकसभा निवडणुकीची ड्यूटी लागली होती. 23 एप्रिलला मी एका खेड्यातल्या शाळेत मतदारांच्या बोटाला शाई लावत होतो आणि माझ्या जागी दुसराच कुणी न्यू जर्सीत पेटी वाजवत होता. त्या रात्री तुमच्यावर फार राग आला. दोन महिने तुमच्या गल्लीत फिरकलो नाही. तुम्हाला कळलं असणारच, तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत.

मग ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली. सांगलीतलं आमचं तळमजल्याचं घर, पेटी कपाटावर ठेवली होती, पाणी कपाटाच्याही वर गेलं. पूर ओसरल्यावर पेटी उचलली तर भात्यातून गढूळ पाणी गळत होतं, लाकूड फुगलेलं, सरस सुटलेला, पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या. तीच पेटी घेऊन मी तुमच्या दारात उभा राहिलो. "उन्हात ठेवली नाहीस ना?" हा तुमचा पहिला प्रश्न. नव्हती ठेवली. तुम्ही एकेक रीड सुटी करून, पुसून, वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलीत. सावलीत तीन आठवडे लाकूड सुकू दिलंत. भाता नवा, चामडं नवं. मजुरी विचारली तर म्हणालात, "चामड्याचे दे. बाकीचं पुरानं नेलं."

पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि एकही कार्यक्रम उरला नाही. माझा पगार चालू होता. नोकरी सोडून मुंबईला गेलेल्या माझ्या तबलजी मित्राचं ते दीड वर्ष कसं गेलं ते त्यालाच ठाऊक. पण हेही लिहायला हवं की आज तो माझ्यापेक्षा कितीतरी पुढं आहे, हात विलक्षण तयार झालाय, रेकॉर्डिंगांतून फुरसत नसते. तो चुकला आणि मी बरोबर असं मला म्हणता येत नाही. रोज आठ तास वाजवणाऱ्याचा हात आणि माझा दोन तासांचा हात यांतला फरक मला ऐकू येतो. तुम्हालाही येतो. विलंबित ख्यालात गायकाची जागा (त्यानं घेतलेली सुरावट) उचलताना मी अजून अर्धी मात्रा मागं राहतो, असं तुम्हीच गेल्या महिन्यात म्हणालात.

मग आभार कशाचे? नाही म्हणता येतं, याचे. एका ऑर्केस्ट्रावाल्यानं वर्षभराचं काम देऊ केलं होतं, आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर पेटी नुसती हातात धरून बसायचं. नाही म्हटलं आणि महिनाअखेरीस दूधवाल्याचं बिल थकलं नाही. मानधनाची रीत नसलेल्या ठिकाणी हो म्हणता येतं, याचेही. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात, जिथं किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण म्हणून लांबलांबचे कलाकार हजेरी लावायला येतात, तिथं एका वर्षी पहाटे तीनच्या सुमाराला मी साथीला बसलो. गाणाऱ्या बाई पांढरी चारच्या सुरात गात होत्या. समोर पन्नास-साठ माणसं, काही पेंगत होती. तुम्ही चिंचेखाली शाल गुंडाळून उभे होतात. संपल्यावर आलात, म्हणालात, "भाता कमी मार. सूर भरलेला असला की हवा कमी लागते." सकाळी साडेनऊला मी कचेरीत होतो. डोळे लाल होते, साहेबांना वाटलं डोळे आलेत.

आणि काका, गंमत बघा, ज्या पेटीसाठी मी राजीनामा टाइप केला तिलाच 1940 साली आकाशवाणीनं घरी बसवलं होतं. सत्तरच्या दशकात परत घेतलं. हे सांगून तुम्ही वर म्हणाला होतात, "तिनं कुठं राजीनामा दिला?" तेव्हा हसू आलं नव्हतं.

राजीनामा खणात आहे. मधे बदली झाली, टेबल बदललं, साहेब दोन बदलले, तेव्हा दोनदा नव्यानं टाइप केला. शुद्धलेखन तुम्ही सुधारलेलंच ठेवलंय. वहीतली बेरीज दर दिवाळीनंतर करतो. लागोपाठ सात महिन्यांपर्यंत पोचलो होतो एकदा, मग आषाढ आला.

रविवारी येतो. पांढरी तीन पुन्हा घरघरतेय. काकूंना सांगा, चहात साखर कमी.

आपला,
पेटीवाला लिपिक